वॉरहॅमर डबल्स टूर्नामेंट खेळायची कशी, आणि पार्टनरशी बोलणं चालू ठेवून परत यायचं कसं

एज ऑफ सिगमारच्या (वॉरहॅमरचा मिनिएचर फौजांचा गेम) दोन-चार सिंगल्स टूर्नामेंट खेळून झाल्या की डबल्सचा किडा चावतोच, आणि बहुतेक जण तिथे एवढाच हिशोब करून जातात की माझी फौज २००० पॉइंटची होती, आता माझे १००० आणि मित्राचे १०००, म्हणजे काम अर्धं. अजिबात नाही. रंगवायची मिनिएचर अर्धी होतात हे खरं, पण टेबल तेवढंच, वेळ तेवढाच, समोर दोन माणसं आणि आपल्या बाजूला अजून एक डोकं, जे आपल्यासारखा विचार करत नाही. डबल्सला हरणाऱ्या जोड्या लिस्टमुळे (निवडलेल्या फौजेमुळे) कमी हरतात, कुणी काय ठरवायचं हे आधी ठरवलेलं नसतं म्हणून जास्त हरतात, असं माझं स्पष्ट मत आहे आणि खालचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय.

हे २०२४ ला आलेल्या चौथ्या एडिशनला धरून आहे आणि इंग्लंडमधल्या इव्हेंट डोळ्यासमोर ठेवून आहे. गेम्स वर्कशॉपचं हेडऑफिस नॉटिंगहॅमला, त्याच कॅम्पसमध्ये वॉरहॅमर वर्ल्ड, आणि लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅमकडे नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींना वीकेंडला जाऊन येण्यासारखं आहे (लंडनच्या सेंट पॅन्क्रसवरून ट्रेनने पावणेदोन तासाच्या आसपास). गेमच माहीत नसेल तर थोडक्यात: ६० बाय ४४ इंचाचं टेबल, त्यावर प्लास्टिकची रंगवलेली फौज, टेपने इंच मोजून हलवायची, डाईस टाकून मारामारी, पाच राउंड, आणि शेवटी किती मारले यापेक्षा ऑब्जेक्टिव्ह (टेबलवरच्या ठरलेल्या जागा) किती धरून ठेवले याला जास्त पॉइंट.

सगळ्यात आधी इव्हेंट पॅक (आयोजकाचं नियमपत्रक) वाचा. दोघांनीही वाचा, एकाने वाचून दुसऱ्याला सांगितलं असं नको. डबल्सचे नियम मूळ रूलबुकात नसतात, ते आयोजक ठरवतो, आणि प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असतात. मूळ गेममध्ये प्रत्येक बाजूला दर राउंडला ४ कमांड पॉइंट मिळतात (ते खर्च करून रीरोल, बचाव अशा खास 'कमांड' वापरायच्या), उरले तर राउंड संपताना गेले. आता डबल्समध्ये हे ४ दोघांत मिळून की प्रत्येकाला वेगळे? एकच कमांड एका फेजमध्ये (टर्नच्या एका टप्प्यात) एका आर्मीला एकदाच वापरता येते, मग जोडीला एकदा की दोघांना एकेकदा? माझ्या हिरोची एबिलिटी 'फ्रेंडली' युनिटवर चालते म्हणते, पार्टनरचं युनिट फ्रेंडली धरायचं का? जनरल एक की दोन? दोघांनी एकाच ग्रँड अलायन्समधलं (ऑर्डर, केऑस, डेथ, डिस्ट्रक्शन) घ्यायची सक्ती आहे का? दोघांची फॅक्शन (आयर्नजॉझ, स्केव्हन अशी फौज) एकच चालते का? ऑक्झिलरी युनिट (कुठल्याच हिरोच्या रेजिमेंटमध्ये न बसवलेली) दोघांची मिळून मोजणार का, कारण समोरच्यापेक्षा तुमची ऑक्झिलरी जास्त असली तर त्यांना दर राउंडला एक कमांड पॉइंट फुकट मिळतो. पॅकमध्ये यातलं काही नसेल तर आयोजकाला मेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते फोनमध्ये ठेवा, शनिवारी सकाळी टेबलवर वाद घालत बसण्यापेक्षा बरं.

आता जोडी आणि लिस्ट. इथे लोक जो सगळ्यात मोठा घोळ घालतात तो म्हणजे कॉम्बो शोधणं. तुझा जादूगार माझ्या योद्ध्याला बफ (जादा ताकद) देईल, मग माझा योद्धा असा जाऊन पडेल वगैरे. बहुतेक एबिलिटी त्या त्या फॅक्शनच्या कीवर्डला बांधलेल्या असतात, आयर्नजॉझचा बफ आयर्नजॉझलाच, त्यामुळे पॅकने पार्टनरला फ्रेंडली धरलं तरी हाताला फार काही लागत नाही. त्यापेक्षा कामं वाटून घ्या. एक जण धरून ठेवणारा, दुसरा धावणारा. मॅगॉटकिन ऑफ नर्गल घेतलेला माणूस मधल्या ऑब्जेक्टिव्हवर जाऊन बसला की त्याला उठवायला समोरच्याला दोन-तीन टर्न लागतात, तेवढ्यात दुसऱ्याने कडेकडेने जाऊन पॉइंट गोळा करायचे. किंवा एकाकडे स्केव्हन (उंदरांची फौज), वीस-वीसच्या क्लॅनरॅटच्या टोळ्या, आणि दुसऱ्याकडे स्लेव्हज टू डार्कनेसचे थोडेच पण जड लोक. दोघांकडेही गर्दी असलेली आर्मी मात्र घेऊ नका, दोघांनाही प्रत्येक टर्नला चाळीस-पन्नास मॉडेल हलवायची असतील तर तिसऱ्या राउंडच्या पुढे तुम्ही जाणारच नाही.

माझी आवडती जोडी आयर्नजॉझ आणि सन्स ऑफ बेहेमाट, दोन्ही डिस्ट्रक्शन, दोन्हीकडे मॉडेल कमी आणि रागाचं प्रमाण जास्त. १००० पॉइंटमध्ये साधारण दोन मेगा-गार्गंट (प्रचंड राक्षस) बसतात, म्हणजे त्या पार्टनरचं सगळं सामान एका पिशवीत येतं. पण या जोडीत एक भानगड आहे जी कागदावर दिसत नाही, टेबलवरच कळते. मेगा-गार्गंटचा बेस (पायाखालची चकती) १३० मिलिमीटरचा गोल आहे, म्हणजे पाच इंचाहून थोडा जास्त, आणि उडता येत नसेल किंवा युनिटच्या नियमकार्डावर तशी सूट नसेल (आधी वाचून घ्या) तर आपल्या पार्टनरच्या मॉडेलमधूनसुद्धा जाता येत नाही. आता समजा आयर्नजॉझवाल्याने ब्रूट्स आणि डुकरांवर बसलेले गोअर-ग्रंटा पुढे एका लायनीत मांडले आणि त्यांच्या मागे गार्गंट उभा केला, तर पहिल्या टर्नला डुकरं गेली नाहीत तर गार्गंट तिथेच उभा, साडेचारशे-पाचशे पॉइंटचा माल नुसता बघत बसलाय. म्हणून डिप्लॉय करताना (सुरुवातीला मांडताना) पुढच्या दोन युनिटमध्ये साडेपाच इंचाची गल्ली सोडायची, टेपने मोजून सोडायची, अंदाजाने नाही. आणि ही गल्ली कुठे आहे हे समोरच्यालाही दिसतं, तेव्हा एकच सोडू नका, दोन सोडा.

घरी एकदा दोघांनी मिळून फक्त डिप्लॉयमेंटचा सराव करा, डाईस न टाकता. डायनिंग टेबलवर मास्किंग टेपने ६० बाय ४४ ची चौकट काढा (टेबल लहान असेल तर जमिनीवर), मांडा, पहिला टर्न हलवा, उचला, परत मांडा. कंटाळवाणं आहे पण तीन पूर्ण गेम खेळण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. चौथ्या एडिशनमध्ये जो आधी मांडून संपवतो तो पहिला टर्न कुणी घ्यायचा ते ठरवतो, आणि मांडायचं रेजिमेंटच्या हिशोबाने असतं, त्यामुळे दोघांच्या मिळून रेजिमेंट जितक्या कमी तितकं चांगलं. एकाने हौसेने तीन हिरो घेऊन तीन रेजिमेंट केल्या की दुसऱ्याने सगळं एका रेजिमेंटमध्ये कोंबलं तरी फायदा नाही.

स्क्रीन (महागड्या युनिटपुढे स्वस्त युनिटची भिंत) लावायची असेल तर एक लक्षात ठेवा की या एडिशनमध्ये हातघाईची रेंज सगळ्यांना ३ इंच आहे. पार्टनरच्या महागड्या युनिटला चिकटून तुमचे क्लॅनरॅट उभे केले तर शत्रू उंदरांना चार्ज करून त्यांच्या डोक्यावरून मागच्याला मारेल, अगदी नियमात राहून. मधे निदान ३ इंच मोकळे सोडा.

आता मुख्य मुद्दा, कमांड पॉइंट आणि बोलणं. दोघांत मिळून ४ कमांड पॉइंट हे जॉइंट अकाउंटसारखं प्रकरण आहे, आधी ज्याने खर्च केले त्याचे झाले आणि दुसरा तोंड वाकडं करून बसतो. त्यामुळे प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला, प्रायॉरिटी रोल (राउंडमध्ये पहिला टर्न कुणाचा ते ठरवणारा डाईस) झाल्या झाल्या, अर्धं मिनिट थांबून वाटणी करायची. एक तुझा, एक माझा, आणि दोन शत्रूच्या टर्नसाठी राखीव. ते दोन राखीव कशाला, तर काउंटर-चार्जला (शत्रूच्या टर्नमध्ये आपण धावून जाणं) दोन लागतात, ऑल-आउट डिफेन्सला एक, रीडिप्लॉयला (शत्रू हलला की आपण सरकणं) एक. नवखी जोडी स्वतःच्या टर्नमध्ये चारही उडवते आणि मग शत्रूच्या टर्नला नुसती मॉडेल उचलून बाजूला ठेवत बसते.

थोडं गणित करून ठेवा, टेबलवर करायला वेळ नसतो. चार्ज (शत्रूवर धावून जाणं) म्हणजे दोन डाईसची बेरीज, तेवढे इंच. ९ किंवा जास्त यायची शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे २८ टक्के. ७ किंवा जास्त यायची ३६ पैकी २१, म्हणजे ५८ टक्के. फॉरवर्ड टू व्हिक्टरी ही कमांड लावून रीरोल घेतला तर ९ चा चार्ज ४८ टक्क्यांवर जातो आणि ७ चा ८३ वर. आता समजा पॅकप्रमाणे जोडीला मिळून ही कमांड फेजमध्ये एकदाच आहे. पार्टनरचं युनिट मागच्या कोपऱ्यात उतरलंय, त्याला ९ हवेत, तो उत्साहात आधी डाईस टाकतो, ५ येतात, लगेच रीरोल मागतो, परत ६. कमांड गेली, पॉइंट गेला, आणि आता तुमच्या गार्गंटला ७ हवेत आणि पाठीमागे काहीच नाही. उलट आधी ७ वाला चार्ज टाकला असता तर, फसला असता तर रीरोलला ५८ टक्के चान्स होता, नसता फसला तर रीरोल ९ वाल्याला शिल्लक. म्हणून चार्ज फेजमध्ये आधी तो टाकायचा ज्याच्यावर बाकीचा टर्न अवलंबून आहे, ज्याचा नुसता बोनस आहे तो नंतर. हे एवढं साधं आहे, पण चार्ज फेज आली की प्रत्येकाला आपलंच युनिट दिसतं.

ऑल-आउट अटॅकचंही (हिटच्या रोलला १ वाढवणारी कमांड) तसंच. १२ अटॅक, ३+ वर हिट, सरासरी ८ लागतात, कमांड लावली की १०. बारावर दोन वाढले. हेच तीन अटॅक असलेल्या हिरोवर लावलं तर अर्धा हिट वाढतो, म्हणजे वाढतच नाही म्हणा. मग ही कमांड कुणाला मिळायला हवी ते 'गेल्या टर्नला तू घेतलीस, आता मी' यावर ठरवू नका, डाईस कुणाकडे जास्त आहेत त्यावर ठरवा.

निर्णय कुणाचा हे पण वाटून घ्या. आमच्याकडे ठरलेलं आहे की युनिट ज्याचं त्याची हालचाल तो ठरवणार, दुसऱ्याने फक्त एकदा सुचवायचं, दोनदा नाही. पण प्रायॉरिटी रोल जिंकल्यावर पहिला टर्न घ्यायचा की द्यायचा, आणि कुठलं ऑब्जेक्टिव्ह सोडून द्यायचं, हे दोन निर्णय एकाच माणसाचे, आणि तो माणूस गेमागणिक बदलतो. सकाळच्या गेमला मी, पुढच्याला तो. डबल टर्नचा मोह भयंकर असतो, दोन टर्न सलग मिळणार म्हटल्यावर दोघंही उड्या मारतात, पण आपल्या पॅकमध्ये डबल टर्न घेणाऱ्याला काय सोडावं लागतं ते बघून ठेवा, आणि एक जण तरी शांत राहून हे विचारणारा हवा की आपण आत्ता पुढे गेलो तर आपल्या मागचं ऑब्जेक्टिव्ह कोण धरणार.

कॅरमच्या डबल्सला पार्टनरशी बोलायची सोय नसते, इथे बोलू शकता, पण समोरचे ऐकत असतात. मग आपल्याला मोह होतो मराठीत बोलायचा. "अरे ते डावीकडचं सोड, त्याला फसवू दे" वगैरे. चालतं का? नियमात बहुतेक ठिकाणी काही म्हटलेलं नसतं. पण समोरच्या दोघांना ते खटकतं, आणि इंग्लंडमधल्या इव्हेंटला फेव्हरिट गेम किंवा फेव्हरिट अपोनंटची मतं बऱ्याच ठिकाणी असतात. आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो की मधे मधे आमच्या भाषेत बोलू, डावपेच असतील, नियमाबद्दल असेल ते सगळं इंग्लिशमध्ये. आणि तसंच करतो. समोरचे हसून म्हणतात ओके, आणि मग तेही त्यांच्या कोपऱ्यात जाऊन कुजबुजतात, फिट्टंफाट. नियमाची चर्चा मात्र चुकूनही मराठीत करायची नाही, "हे सहा इंच आहे ना रे?" असं आपण निरागसपणे विचारलेलं समोरच्याला लबाडीसारखं ऐकू येतं.

वेळेचं बघा. राउंडला २ तास ४५ मिनिटं धरली तर १६५ मिनिटं, अर्धी तुमची, म्हणजे ८२. डिप्लॉयमेंट, ओळख, लिस्ट दाखवणं यात बारा गेली. उरली ७०, पाच टर्नला प्रत्येकी १४ मिनिटं, आणि त्या १४ मध्ये तुम्ही दोघं. शेवटचे टर्न पटपट होतात कारण तोवर निम्मी मॉडेल टेबलाबाहेर असतात, तेव्हा पहिल्या दोन टर्नला वीस-वीस मिनिटं गेली तरी निभावतं. वेळ वाचवायची खरी जागा म्हणजे एक जण डाईस टाकत असताना दुसऱ्याने पुढच्या युनिटची टेप लावून ठेवणं. एका वेळी दोघांनीही डाईस टाकू नका, समोरच्यांना कुठे बघावं कळत नाही. दोघांच्या डाईसचे रंग वेगळे ठेवा, आणि हिट टाकल्यावर चुकलेले डाईस उचला, लागलेले टेबलवर राहू द्या. म्हणजे काय, तर दहा टाकले, तीन चुकले, ते तीन बाजूला, सात पडलेत ते समोरच्याला नीट दिसतायत, त्यातले सहा आलेले असतील ते वेगळे सरकवा कारण काही शस्त्रांना सहावर क्रिट (जादा परिणाम) असतो, मग तेच उचलून वूंडचा रोल टाका. उलटं केलं, म्हणजे लागलेले झटकन मुठीत घेतले, की किती होते यावर वाद सुरू. एखादा डाईस टेरेनला (टेबलवरच्या भिंती, अवशेष) तिरका टेकून उभा राहिला तर परत टाकायचा, तो सहा असो की एक.

रंगकाम. बऱ्याच इव्हेंटला बॅटल रेडी एवढी किमान अट असते, म्हणजे मुख्य भागांना रंग आणि बेसवर काहीतरी केलेलं. रात्री दोन वाजेपर्यंत डोळ्यांच्या बाहुल्या रंगवू नका, तीन फुटांवरून कुणाला दिसत नाहीत. डबल्सला दोन आर्मी एकत्र शोभून दिसतात का हे महत्त्वाचं, आणि त्याचा सोपा उपाय म्हणजे बेस सारखे करा. वर काहीही रंग असू दे. आम्ही दोघांनी ऍग्रेलन अर्थ वापरलं, हा तडे जाणारा टेक्निकल पेंट, पातळ लावला तर केसासारख्या भेगा पडतात आणि जाड थर दिला तर दुष्काळातल्या तळ्यासारखे मोठे तुकडे उठतात. डुकरांच्या बेसवर पातळ, गार्गंटच्या बेसवर जाड. तो पूर्ण वाळल्यावरच पुढचा हात द्यायचा, हेअर ड्रायर मारून घाई केली तर आमच्याकडे तरी तुकडे सुटून आले. मग वर ब्राऊन वॉश, कडांवर फिकट ड्रायब्रश, आणि बेसची कड दोघांचीही स्टील लीजन ड्रॅब या ब्राऊन रंगाची. एकाच डबीतून, नाहीतर दोघांचं ब्राऊन वेगळं येतं. एवढ्यावर टेबलवर दोन आर्मी एका गावच्या वाटतात.

नेण्यासाठी फोमच्या बॅगेपेक्षा प्लास्टिकचा सरळ कडांचा डबा, तळाला पत्र्याची शीट आणि प्रत्येक बेसखाली छोटं निओडिमियम मॅग्नेट, हे स्वस्तात पडतं. गार्गंटला एक पुरत नाही, पाच-सहा लावा. ट्रेनमध्ये डबा मांडीवर, वरच्या रॅकवर नाही. सोबत सुपर ग्लू, दोन टेप, लिस्टच्या छापील चार कॉपी (फोनची बॅटरी दुपारी मान टाकते), पाण्याची बाटली, आणि खायला काहीतरी कोरडं. वॉरहॅमर वर्ल्डला बगमन्स बार आहे, जेवण ठीक आहे, पण लंच ब्रेकला रांग असते. चकल्या नेल्या तर हात पुसून मगच समोरच्याच्या मॉडेलला हात लावा, खरं म्हणजे विचारल्याशिवाय लावूच नका.

वीकेंडची इव्हेंट साधारण शनिवारी तीन गेम, रविवारी दोन अशी असते आणि स्विस पद्धतीने जोड्या लागतात, जिंकलेले जिंकलेल्यांशी, हरलेले हरलेल्यांशी. पहिला गेम दणकून हरलात तर वाईट वाटून घेऊ नका, दुपारपर्यंत तुमच्याच तोडीचे लोक समोर येतात आणि तिथेच मजा असते. शनिवारी संध्याकाळी पोस्टमॉर्टेम करायचंच असेल तर जेवून झाल्यावर करा, आणि 'तू तिथे असं का केलंस' याने सुरुवात करू नका. कमांड पॉइंट कुठल्या राउंडला कमी पडले एवढंच बघा, रविवारची वाटणी त्यावरून बदला, झोपा.

प्रत्येक गेम संपला की स्कोअर चौघांनी मिळून वाचायचा, मग ऍपमध्ये भरायचा (बेस्ट कोस्ट पेअरिंग्ज वापरतात बऱ्याच ठिकाणी), कारण एकदा पुढचे पेअरिंग लागले की बदलणं आयोजकाच्या जिवावर येतं. आणि टेबल सोडण्याआधी मेलेली मॉडेल मोजा. ती टेबलाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर, टेरेनच्या मागे कुठेही ठेवलेली असतात, आणि पार्टनरची तुमच्या डब्यात गेलेली असतात ती वेगळीच.